न विचारता चौथ्या क्रमांकावर

ब्रह्माघाट, वाराणसी
डिसेंबर १९७८

प्रिय इंदूताई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी इकडे मजेत आहे. आनंदीकाकूंच्या खाणावळीत पोटभर जेवतो. त्या रागावतात हिंदीत, पण वाढतात मराठीत.

पण ताई, ऑलराउंडर होण्यासारखी दुसरी शिक्षा नाही! ऑफिसच्या संघात नवा चेंडू मी टाकायचा, बाकीचे थकले की त्यांची षटकंही मीच टाकायची आणि फलंदाजीला मात्र आठवा. कप्तान मिश्राजींना विचारलं तर म्हणतात, "अरे नरहर, तुम तो सब कर लेते हो." निवड समितीवाले म्हणतात, हा धड गोलंदाज नाही, धड फलंदाजही नाही. मग आता मी अंपायर होऊ का?

रविवारी माझं डोकंच फिरलं. दुसरा गडी बाद झाला, चौथा फलंदाज अजून पॅड बांधत होता. मी कुणालाही न विचारता सरळ मैदानात शिरलो. मिश्राजी मागून ओरडत राहिले, मी वळून पाहिलं नाही. सामना जिंकेपर्यंत खेळलो, नाबाद!

मिश्राजींनी मला मिठी मारली आणि त्याच दमात पुढच्या सामन्यातून काढलं. "खेले बढ़िया, लेकिन पूछा काहे नहीं?"

साहेब काय म्हणतील कोण जाणे. नोकरीही या खेळावरच मिळालेली. बाबांचा खोकला कमी आहे ना? त्यांना फक्त नाबाद राहिल्याचं सांग.

आणि तुला म्हणून सांगतो, पुन्हा वेळ आली तर पुन्हा न विचारताच जाईन.

तुझा वैतागलेला भाऊ,
नरहर