दोन्ही सारख्याच

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे, नर्सिंगच्या त्या प्रशिक्षणात जेवण बरं मिळतं ना, हे सगळं मी मनापासून विचारलं असं समज. मी इतका संतापलोय की चौकशी करायला हात वळत नाही. (सकाळपासून तीन शर्टांच्या कॉलर उलट्या शिवल्या आहेत.)

तू भिंगरीला माझ्या गळ्यात घालून गेलीस आणि वर "शाळेची मुलाखत तेवढी बघ" म्हणालीस, जणू एक बटणच लावायचं होतं. माझ्याकडे पँट शिवून घेणाऱ्या एका बापाने सांगितलं, की त्या शाळेत पाच वर्षांच्या पोरांपुढे सारख्या लांबीच्या दोन फिती ठेवतात, एक जरा पुढे सरकवतात आणि कोणती लांब ते विचारतात. मी लगेच घरी परीक्षा घेतली. तुझी लेक म्हणाली, पुढे गेलेली लांब! टेपने मोजून दाखवलं, तरी तेच. ताई, शिंप्याची भाची, आणि डोळ्यांदेखत मोजलेलं मानत नाही! माझं डोकंच फिरलं. मग आठ दिवस दुकानाच्या टेबलावर फिती, नाड्या, अस्तराच्या पट्ट्या मांडून मी तिच्याकडून एकच उत्तर घोटून घेतलं: दोन्ही सारख्याच.

काल मुलाखत झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी आधी फितींचं नावही काढलं नाही. त्यांनी विचारलं, हत्ती मोठा की मांजर? "दोन्ही सारखेच," भिंगरी ठणकावून म्हणाली. आई मोठी की तू? दोघी सारख्याच. मी खोकलो, डोळे वटारले, शेवटी उभाच राहिलो. बाईंनी मला खाली बसवलं आणि मग कुठे फिती काढल्या. उत्तर अर्थातच बरोबर आलं. मी टाळी वाजवली. तर बाई तिला विचारतात, "तुला खरंच तसं वाटतं?" आणि ही भवानी म्हणते, "नाही. ही लांब आहे. पण तसं म्हटलं की मामाचं तोंड रडवेलं होतं."

बाई मला म्हणाल्या, या वयात मुलांना असंच दिसतं, दोन-तीन वर्षांत त्यांचं त्यांनाच उमगतं, आणि आम्ही उत्तर तपासतच नाही, मूल विचार कसा करतं ते बघतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! मग आठ दिवस मी काय झक मारली? उत्तर तपासायचं नाही, तर प्रश्न कशाला विचारता? हे मी जरा मोठ्याने विचारलं. (दोन वर्ग व्हरांड्यात येऊन उभे राहिले.) टेबलावर हात आपटला, त्यांची पाण्याची बाटली लवंडली, आणि तुमच्या बाह्या दोन बोटं लांब शिवल्यात हेही सांगून टाकलं. आता तुझी लेक, तिची शाळा, तूच निस्तर. मला पुन्हा असली कामं सांगू नकोस.

तुझा,
अजून न निवळलेला भाऊ

ता. क. प्रवेश मिळालाय. हे वरच लिहायला हवं होतं, पण मग तू पुढचं वाचलं नसतंस. बाईंनी शेरा दिलाय, "दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखते." फक्त तिला सोडायला दुसरं कोणीतरी यावं अशी अट आहे. शाळा सोमवारी सुरू होतेय, तेव्हा त्या दिवशी रजा मिळते का बघ.

आणखी एक. घरी येताना भिंगरीने माझं बोट धरलं आणि म्हणाली, "आईला मी सांगेन, मामा शाळेत अगदी शहाण्यासारखा बसला होता." फोनवर ती तसं सांगेल, तेव्हा तुला खरं वाटल्यासारखं कर. त्याने मला बरं वाटेल असं तिला वाटतंय. आणि ताई, खरंच बरं वाटलं गं.