कोऱ्यातली हिरवी रेघ

सोमवार, ३ तारीख
आलो एकदाचे. दोन खोल्या, एक पायरी आणि खिडकीतून समोरच दिसणारी माझी प्रयोगशाळा. चहा निवायच्या आत कामावर पोहोचेन इतकी जवळ. ठकीने, म्हणजे आमच्या सहा वर्षांच्या कन्येने, पायरीवर खडूने स्वतःचं घर आखलं आणि संध्याकाळपर्यंत तिथे राहायलाही गेली. बायकोचं म्हणणं, नळाचं पाणी गोड आहे. हेच पाणी सगळ्या गावाला जातं आणि ते तपासायचं काम आता माझं. सासरेबुवा म्हणाले होते, पाण्यात बघायचं काय असतं डोंबलाचं? त्यांना सविस्तर पत्र लिहिणार आहे.

मंगळवार, ४ तारीख
यंत्र जुनं, पण देखणं. नमुन्याचा फवारा ज्योतीत सोडायचा आणि नळीला डोळा लावायचा. तापलं की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक रंगाच्या रेघा दाखवतं. रेघ कुठे उमटली यावरून नाव कळतं, किती ठळक यावरून प्रमाण. उत्साहाच्या भरात मी घामेजल्या बोटाने तोटी चाचपली आणि ज्योत पिवळीधमक झाली. साहेब म्हणाले, हे तुमचंच मीठ, हात धुऊन या. काचेची भांडी धुणाऱ्या मावशी तोंड फिरवून हसल्या.

इथली पद्धत अशी, की सकाळी सर्वांत आधी ‘कोरा’ तपासायचा. कोरा म्हणजे ज्यात काहीच नाही असं शुद्ध पाणी. त्यातही यंत्र थोडाफार आकडा दाखवतंच. तो यंत्राचा दोष धरून दिवसभराच्या प्रत्येक नमुन्यातून वजा करायचा. माझ्या आधी बावीस वर्षं हे काम एका बाईंनी केलं. गेल्या वर्षी त्या वारल्या. खुर्चीवरची उशी अजून त्यांचीच आहे, आणि बसायला छान आहे.

शुक्रवार, ७ तारीख
गंमत झाली. कोऱ्याचा आकडा टिपायला वही उघडली, तर तो आधीच लिहिलेला. १२. तिरपं अक्षर, जांभळी शाई. मग मी मोजला, तर बाराच. मावशींना म्हटलं, तुम्ही तर माझंच काम करायला लागलात. त्या म्हणाल्या, सहीच्या जागी अंगठा उठवणारी बाई मी, मला कसलं लिहायला येतंय. साहेबांनीच केलं असेल, माझी परीक्षा बघायला.

मंगळवार, ११ तारीख
आकडा रोज लिहिलेला असतो. आज १९. वही कपाटात कुलूपबंद असते आणि किल्ली माझ्या खिशात.

आज आकड्यावर न थांबता कोरा ज्योतीत सोडून नळीला डोळा लावला. एकच रेघ, हिरवीगार. यंत्राचा दोष असली एकटी, लख्ख रेघ काढत नाही. भिंतीवरच्या रेघांच्या तक्त्यावर बोट फिरवत गेलो. थॅलियम. विष. चव नाही, वास नाही. आधी पाय दुखतात, मग केस जातात.

कोऱ्याचं पाणी येतं कुठून? नळाचंच, कोपऱ्यातल्या शुद्धीकरणाच्या नळकांड्यातून. त्याच्या आतली भुकटी कधी बदलली ते कोणालाच आठवत नाही. म्हणजे जे नळात तेच कोऱ्यात, आणि आम्ही ते रोज इमानेइतबारे वजा करतो. अहवालात शून्य. घरी धावत जाऊन नळाचं पाणी बंद करायला सांगितलं. टेकडीपलीकडच्या झऱ्याचे दोन कॅन भरून आणले. ते पाणी तपासलं, त्यात रेघ नाही.

गुरुवार, १३ तारीख
साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, बाईही एकदा असंच काहीतरी बरळल्या होत्या. पद्धत ती पद्धत, वजा करा.

मावशी नंतर हळूच बोलल्या. बाईंनी एकदाच विचारलं होतं, साहेबांनी हेच उत्तर दिलं. मग त्या मान खाली घालून वजा करत राहिल्या. गेल्या तेव्हा डोक्यावर एक केस नव्हता. जांभळं पेन मावशींनीच त्यांच्या मुठीतून सोडवलं.

सोमवार, १७ तारीख
शनिवारी काहीही वजा न करता खरा अहवाल लिहिला आणि आरोग्य खात्याचा पत्ता घालून पाकीट चिकटवलं. आज टपालात टाकायला घेतलं, तर पाकीट उघडं. प्रत्येक आकड्यापुढे जांभळी वजाबाकी. शून्य, शून्य, शून्य.

माझ्याआधी कोणी आलं नव्हतं. तरी उशी दबलेली होती, आणि ऊबदार. मला भीती वाटते आहे.

बुधवार, १९ तारीख
ठकी पाय दुखतात म्हणून पायरीवर खेळायला गेली नाही. फणीत तिच्या केसांचा पुंजका —

आठवडाभर झऱ्याचं पाणी पितेय ती. मग कसं? दोघींना बायकोच्या माहेरी पाठवतो. गाडी शुक्रवारी सकाळी नऊला. त्याआधी नाही.

गुरुवार, २० तारीख
बायकोला विचारलं, नळाचं पाणी दिलंस का. ती म्हणाली, रोज सकाळी तुम्हीच तर झऱ्याचा कॅन मोरीत ओतता आणि पाण्याचा जग नळाखाली भरता. म्हणता, तपासलंय, शून्य आहे.

मला आठवत नाही. शपथेवर सांगतो, मला काहीच —

बोटावर जांभळा डाग. साबणाने निघत नाही.

शुक्रवार, २१ तारीख
सामान बांधलंय. दोघी दारात उभ्या. ठकीचे केस तेवढे तपासून येतो, डॉक्टरांना दाखवायला आकडा हवा —

रेघ हिरवी. ४१. कोरा, तोही ४१.

वजा करायचं नाही. वजा करायचं नाही. हे पेन माझं नाही. हात थांबत —

४१ वजा ४१. शून्य.

मुलगी उत्तम आहे. गाडीची गरज नाही, तसं घरी सांगून आले. तिला तहान लागली आहे. जग भरून ठेवते. नळाचं पाणी गो