आबा पालकवर्गाला गेले तेव्हा

आबा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. आपण खूप काही बोललो, पण त्या रविवाराबद्दल कधीच बोललो नाही. नव्वद सालानंतरची गोष्ट. माझा धाकटा भाऊ अडीच वर्षांचा झाला तरी हाकेला वळत नव्हता. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, जन्मापासूनच ऐकू येत नाही. आणि आजीने दोष आईवर टाकला. पोटुशी असताना तिने ग्रहणात भाजी चिरली होती म्हणे. आई चुलीपुढे नुसती बसून राहायची, तव्यावर भाकरी करपून जायची. तुम्ही कुपवाडच्या कारखान्यातून यायचात, जेवायचात नि झोपायचात. मग बालवाडीच्या बाई घरी आल्या. अशा मुलांच्या आईवडलांसाठी रविवारी वर्ग सुरू केलाय, दोघांनीही यायचं, म्हणाल्या.

तुम्ही याल असं आईला वाटलं नव्हतं. आलात, आणि सगळ्या बायांत एकटे पुरुष म्हणून कोपऱ्यात अंग चोरून बसलात. मी आईला चिकटून होते. बाईंनी तुम्हाला विचारलं, "पोराशी बोलता का?"

"त्याला ऐकूच येत न्हाई, बोलून काय करायचं?"

"तुमचं तोंड दिसतंय की त्याला," बाई म्हणाल्या.

घरी येताच तुम्ही आजीपुढे बसलात. "आये, गिराणाचं आता काढायचं न्हाई. हिची काय बी चूक न्हाई ह्यात."

"बायांत बसून हेच शिकून आलास व्हय?"

"व्हय. पुढच्या आयतवारी तूबी चल."

आत पीठ मळणाऱ्या आईचे हात थांबलेले मी बघितले. त्या दिवशी ती कितीतरी महिन्यांनी आपल्याबरोबर जेवायला बसली.

मग कामावरून आलात की धाकट्यासमोर मांडी घालायचात. भाकरी. पाणी. आबा. त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवून एकेक शब्द म्हणायचात. शेजारी हसायचे. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एका सकाळी तुम्ही निघालात आणि मागून जाडाभरडा आवाज आला, "आ... बा." तुम्ही वळलात, आईकडे बघितलंत आणि सायकल पुसायला लागलात. कारखान्याचा भोंगा झाला तरी तुमची सायकल पुसून होईना.

धाकट्याचं बरं चाललंय. त्याची लेक बडबडी आहे. त्याच्याशी बोलायचं असलं की आपसूक समोर येऊन बसते. मी आता तसाच पालकवर्ग घेते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते: तिथे मी तुमची गोष्ट 'कुपवाडचे एक कामगार' म्हणून सांगते. 'माझे वडील' म्हटलं की पुढचं सांगता येत नाही.