वजनकाट्यावरचा नाच आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार माझ्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने आणि माझ्या अकलेप्रमाणे लिहून ठेवत आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गेल्या महिन्यात मी स्टुलावरून पडले तेव्हा कंबरेचं हाड मोडलं, डोक्याला काही झालं नाही, हे ज्यांना वाद घालायचा असेल त्यांनी आधीच ध्यानात घ्यावं.

माझं कागदोपत्री नाव वकीलबाईंनी वेगळ्या पानावर लिहून घेतलं आहे. पण मला ते नाव कोणी हाक मारून ऐकवलेलं नाही. मला सगळे शिलाई मशिनच्या रिळावरून 'बॉबिन' म्हणतात, म्हणून सहीही तीच करणार आहे. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. दुकान, त्यातली तिन्ही मशिनं, कात्र्या, इस्त्र्या, बटणांचे डबे आणि वरचं राहतं घर माझ्या भाचीला, म्हणजे थोरल्या दादांच्या मुलीला, द्यावं. ती माझ्याच हाताखाली शिकली. तिची टीप माझ्यापेक्षा सरळ येते, हे मी जिवंतपणी कबूल केलेलं नाही, ते आता करते. तिने दुकानाचं नाव बदललं तरी चालेल. आरशासमोरचा दिवा मात्र पिवळाच ठेवावा. पांढऱ्या उजेडात गिऱ्हाईक स्वतःला नको तितकं नीट बघतं आणि मग दोष शिवणाऱ्याला देतं.

कलम २. 'पाव किलो जास्त' या चित्रपटातला माझा अर्धा हक्क. तो मला कसा मिळाला हे सांगितल्याशिवाय तो कोणाला का द्यायचा हे कळणार नाही, म्हणून वकीलबाईंनी नको म्हटलं तरी लिहिते.

मी त्या सिनेमाची शिंपीण होते. गोष्ट वजनमापं तपासणाऱ्या एका सरकारी बाईची. एका किराणा दुकानदाराचा काटा खोटा असल्याची तक्रार तिच्याकडे येते. ती तपासते तर काटा खरोखरच खोटा, पण गिऱ्हाइकाच्या बाजूने. किलो मागा, तो सव्वा किलो देतो. असल्या माणसावर खटला भरायचा तरी कसा? ती काटा जप्त करते. तो रोज कचेरीत येऊन काट्याची खुशाली विचारतो. पुढे ट्रक तोलायच्या मोठ्या वजनकाट्यावर दोघं नाचतात, मागच्या तबकडीवर त्यांचं वजन वरखाली होत राहतं. शेवटी ती त्याच्या खोट्या काट्यावर 'बरोबर' असा शिक्का मारते आणि सिनेमा संपतो.

ठरलेली नायिका पहिल्याच दिवशी निघून गेली. पडदाभर आपलं वजन दाखवायला तिची तयारी नव्हती. कपडे शिवून तयार होते. ती मापं द्यायला कधी आलीच नव्हती, म्हणून मी ते माझ्या मापाने बेतले होते. दिग्दर्शकांनी एकदा कपड्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बॉबिन, चष्मा काढू नकोस," एवढंच म्हणाले, आणि मी नायिका झाले.

दुकानदाराचं काम करणारा नट नाटकातून आला होता. उंच, भारदस्त आवाजाचा आणि त्या आवाजावर स्वतःच फिदा. त्यांना आता जग 'शेठ' म्हणतं. मी त्यांना तोंडावरही 'नट' म्हणते. ते मला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणतात.

सिनेमा आपटला. पहिल्या खेळाला थिएटरात आमचीच माणसं जास्त होती आणि त्यांतलेही दिवे लावणारे मध्यंतरात सटकले. मी पुन्हा मशिनवर बसले, नट नाटकात परतले, दिग्दर्शक जाहिराती करू लागले.

पुष्कळ वर्षांनी एका छोट्या थिएटरच्या मालकीणबाईंनी रविवार सकाळच्या खेळाला आमचा सिनेमा लावला, कारण त्याची प्रिंट दुसरं कोणी मागत नव्हतं. समोरच्या इस्पितळातल्या परिचारिका ड्यूटी संपवून तिथे झोपायला येत. अंधार, पंखा आणि रिकाम्या खुर्च्या. वजनकाट्यावरच्या नाचाला त्या जाग्या झाल्या आणि हसून हसून बेजार झाल्या. पुढच्या रविवारी मैत्रिणींना घेऊन आल्या. एकीने घरातला काटा आणला. मग सगळेच आणायला लागले. आता ठिकठिकाणी हा खेळ होतो, लोक माझ्यासारखा चष्मा लावून येतात, दारात जोडीने वजन करून घेतात आणि पडद्यावर मी तोंड उघडायच्या आत माझं वाक्य म्हणून मोकळे होतात.

दिग्दर्शक वारले तेव्हा त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी सिनेमा मला आणि नटांना अर्धा अर्धा दिला, आणि एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याने काही करायचं नाही अशी अट घातली. आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माणूस मिस्कील होता.

मागल्या वर्षी एक कंपनी आली. त्यांना सिनेमाचा शेवट बदलायचा होता. संगणकाने आम्हा दोघांना तरुण करून वजनकाट्यावर आमचं लग्न लावणार होते. मी त्यांना चहा देऊन वाटेला लावलं. नटांना मात्र त्यांनी डोक्यावर पुन्हा केस दाखवू असं सांगितलं होतं, त्यामुळे ते दोन दिवस विचारात पडले होते. एवढ्याच कारणाने माझा अर्धा हक्क मी नटांना देत नाही. तो त्या परिचारिकांनी पुढे काढलेल्या मंडळाला द्यावा. त्यांनी सिनेमा हवा तिथे, हवा तितक्यांदा दाखवावा. शेवटाला हात लावू नये.

कलम ३. आता आम्ही का बोलत नव्हतो ते. नाचाच्या चित्रीकरणात माझा पाय मुरगळला. लांबून घ्यायचं दृश्य राहिलं होतं, तेव्हा कापसाच्या पोत्याला माझा झगा घालून नटांच्या हातात दिला. सिनेमा आपटल्यावर एका वर्तमानपत्राने त्यांची मुलाखत छापली. त्यात ते म्हणाले होते की, नायिकेपेक्षा पोत्याबरोबर नाच जास्त चांगला झाला. मी ते दुकानात, गिऱ्हाइकाच्या समोर वाचलं. गिऱ्हाइकाने आधीच वाचलेलं होतं.

त्यानंतर मी त्यांचं तोंड पाहिलं नाही. त्यांनी दोनदा निरोप पाठवला, मी दोनदा परत पाठवला. माझ्यासाठी स्थळं आली, तीही परत पाठवली, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. निदान तेव्हा मी तसं म्हणत असे.

मग परिचारिकांनी मोठा खेळ ठेवला आणि आम्हा दोघांना एकमेकांना न कळवता बोलावलं. अंधारात माझ्या शेजारी कोणी येऊन बसलं. नाच सुरू झाला, सगळं थिएटर उठून नाचायला लागलं, बसलेले आम्ही दोघंच. तेव्हा तो आवाज ओळखला. ते पडद्याकडे बघतच म्हणाले, "बाई, त्या वाक्याचा अर्धा भाग छापलाच नव्हता."

मी विचारलं, "उरलेला अर्धा काय होता?"

"पोतं हातात असताना माझे हात कापत नव्हते."

मी विचारलं की हे खरं कशावरून, त्या बातमीदाराला बोलवा. ते म्हणाले, तो बिचारा वारला. मी म्हटलं, "सोयीचंच झालं." मागच्या रांगेतल्या पोरींना वाटलं, हे सिनेमातच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या खेळाला पाठ करून आल्या.

वर्षभरात नट माझ्या समोरच्या घरात भाड्याने राहायला आले. योगायोग म्हणाले. त्यांना खोटं नीट बोलता येत नाही, नट असून.

तेव्हापासून ते मला लग्नाचं विचारत आले आहेत. आधी कारण दिलं की दोन घरांचं भाडं कशाला. मी म्हटलं, माझं घर माझ्या मालकीचं आहे. मग म्हणाले, एकाच चुलीवर दोघांचं होईल. ते तसंही होतंच होतं, रोज माझ्याकडेच जेवत. मग म्हणाले, त्यांच्या खिडकीत ऊन येत नाही. मी त्यांना खिडकीपाशी खुर्ची दिली आणि नाही म्हटलं. माझं कारण साधं होतं. आम्ही रस्त्याने चाललो तरी लोक वळून बघतात आणि टाळ्या वाजवायला हात उचलतात. मला लोकांच्या सिनेमाचा दुसरा भाग व्हायचं नव्हतं. मी जगले ती शिंपीण म्हणून.

सबब, माझ्या पश्चात नटांना माझ्या स्वयंपाकघराचा आणि खिडकीतल्या खुर्चीचा तहहयात वापर करू द्यावा. भाचीने त्यांना हटकू नये. त्यांना मीठ कमी द्यावं आणि ते नाटकातली भाषणं म्हणायला लागले तर एकाला ऐकून घ्यावं, दुसऱ्याला मशिन सुरू करावं.

कलम ४. माझे थोरले बंधू, दादा. मी सिनेमात काम केलं म्हणून दादांनी मला घरातून जायला सांगितलं. सिनेमा पडला तेव्हा वहिनीकडून निरोप आला की, नाचली ती नाचली, वर सिनेमाही चालला नाही. हे मला पोत्याच्या खालोखाल लागलं. आता दादा कानटोपी घालून, मफलर गुंडाळून, कोणाला ओळखू येणार नाही अशा बेताने दर खेळाला जातात. शेवटच्या रांगेत बसतात आणि नाचाला डोळे पुसतात, असं भाची सांगते. परिचारिकांच्या मंडळाने दादांना पहिल्या रांगेतली खुर्ची कायमची राखून ठेवावी. त्यांनी आढेवेढे घेतले तर माझं मृत्युपत्र दाखवावं. कानटोपी काढायची सक्ती करू नये.

कलम ५. माझे चष्मे. परिचारिकांना सिनेमातला हवा असेल. तो मागेच फुटला, सध्याचा द्यावा.

कलम ६. हे मृत्युपत्र आत्ता का, तेही लिहिते. मी पडले तेव्हा भाची परगावी होती. आवाज ऐकून नट धावत आले. त्यांचे गुडघे गेलेले, तरी माझ्याबरोबर गाडीतून इस्पितळात पोचले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पेशंटचे कोण? ते म्हणाले, सहकलाकार. तिने सांगितलं, आत फक्त नातेवाईक. ते बाहेरच्या बाकावर बसले. संध्याकाळी तिलाच दया आली. ती म्हणाली, "आजोबा, मी 'पती' असं टाकते, कोण बघतंय?"

नट म्हणाले, "नको. ते मी एकट्याने द्यायचं उत्तर नाही."

भाची दुसऱ्या दिवशी पोचेपर्यंत ते त्या बाकावरून हलले नाहीत. हे त्यांनी मला सांगितलं नाही. काउंटरवरच्या मुलीने भाचीला सांगितलं आणि भाचीने मला. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि कंबर दुखते म्हणून सांगितलं.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भाचीने करावी. भांडण झालंच तर वकीलबाईंना विचारावं. वकीलबाईंनी आणखी एक गोष्ट मला लागू होणाऱ्या कायद्यातून वाचून दाखवली, ती त्यांच्या सांगण्यावरून इथे नोंदवते. मृत्युपत्र करणाऱ्या व्यक्तीने यानंतर लग्न केलं, तर हे मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. वकीलबाई म्हणाल्या, तुमच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही, तरी सांगायची पद्धत आहे. मी त्यांना ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं.

वरील सर्व मजकूर मी वाचला, समजला आणि दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. खाली माझी सही माझ्या हाताची आहे.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: नऊ जून

(सही) बॉबिन

आमच्या समक्ष सही झाली:
१. (सही) शेजारच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक
२. (सही) खालच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई

पुरवणी, त्याच कागदाच्या पाठीवर, माझ्याच हाताने.

सह्या चालू असताना नटांना बाहेर दुकानात बसवलं होतं, कारण ज्याला काही मिळायचं आहे त्याने खोलीत असू नये असं वकीलबाईंचं मत पडलं. सगळे गेल्यावर मी काठी टेकत बाहेर आले. ते बटणांच्या डब्यांशी बसून होते. झालं का, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, झालं, पण मी लग्न केलं तर सगळं रद्द होतं म्हणे.

नटांनी माझ्या हातातली पानं पाहिली. काठोकाठ भरलेली, बारीक अक्षरात. म्हणाले, "मग राहू दे, बाई. एवढं लिहिलंय, सगळं वाया जाईल."

मी म्हटलं, "जाऊ दे वाया."

त्यांना अर्थ लागायला वेळ लागला. लागला तेव्हा त्यांनी बोलायला तोंड उघडलं. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज गेलेला मी पहिल्यांदा पाहिला.

नोंदणी कचेरीत आम्ही कामाच्या दिवशी दुपारी गेलो, कोणाला न सांगता. कारकुनाने नाव विचारलं, मान वर केली नाही, आणि शिक्का मारून पुढच्या माणसाला हाक मारली. कोणी टाळी वाजवली नाही. मला फार बरं वाटलं.

सबब, पाठीमागचा सर्व मजकूर रद्द समजावा. नवं मृत्युपत्र सवडीने करीन. सध्या सवड नाही.

दिनांक: सत्तावीस जुलै

(सही) बॉबिन

समक्ष:
१. (सही) भाची
२. (सही) दादा, कानटोपीशिवाय