निर्भयपूरची तटबंदी

३ मार्च
लेकीने, संस्कृतीने, पुण्याहून चित्रं काढायचा टॅबलेट पाठवला. आई गेल्यापासून तुम्ही नुसते बसून असता, काहीतरी काढा म्हणाली. शाळेत माझे नकाशे चांगले असायचे. एक काल्पनिक शहर काढायचं ठरवलं. नाव निर्भयपूर. पाडव्याच्या आत पूर्ण.
मागच्या अंगणात अजून गेलो नाही. तिकडे ऊन फार असतं.

५ मार्च
लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा. रस्ते एकीवर, घरं दुसरीवर, असं संस्कृती सांगते. मी सगळं एकाच लेयरवर काढतो. शहर एक, काच एक. क्लाउडवर सेव्ह करा म्हणाली. माझं शहर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर कशाला?
आज पाण्याचा दिवस; नळाला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येतं. हौद मागे आहे. संस्कृतीची आई, सुंदरम्मा, पाणी भरताना तिथेच घसरली, ती उठलीच नाही. मागचं दार उघडलं नाही, कारण नकाशातली तटबंदी अर्धवट होती. शेजारचे गुरप्पा मागच्या बोळातून आले, हौद भरला, दोन घागरी पुढच्या पायरीवर आणून ठेवल्या. भला माणूस.

९ मार्च
पाणी येण्याआधी नळातून हवा सुटते. तो आवाज झाला आणि बुरूज वाकडा निघाला. पेनात दोष असावा.
हौद भरून आल्यावर गुरप्पांनी नकाशा पाहिला. म्हणाले, सोमलिंगराव, लई भारी हाय की! पन हितली मान्सं पित्यात काय? हीर न्हाय, नदी न्हाय. मी म्हणालो, काल्पनिक माणसांना तहान लागत नाही. मग म्हणाले, आन् येवड्या भिंती कुनाच्या भ्यानं?
शोभेसाठी, म्हणालो.

१२ मार्च
संस्कृती पाडव्याला येणार, बाळाला घेऊन. मागच्या हौदातलं पाणी बघून ठेवा बाबा, नाहीतर मी सासरीच राहते, म्हणाली. सगळं भरलेलं आहे, असं सांगितलं.
गुरप्पा पुतणीच्या लग्नाला अक्कलकोटला चाललेत. म्हणजे पुढचं पाणी मीच भरायचं. त्यात काय?
शहराला चौथी भिंत घातली. चहा दोनदा उतू गेला.

१४ मार्च, सकाळी
आज पाणी. मागच्या दाराच्या कडीला हात लावून पाहिला. कडी गंजलेली वाटते. तेल आणायला हवं.

त्याच दिवशी, दुपारी
नळ फुसफुसला. दार उघडलं. हातात काहीतरी असावं म्हणून टॅबलेट घेतला होता.
सुंदरम्माची घागर आडवीच होती. गुरप्पांनी तिला हात लावला नव्हता.
तेवढ्यात पाणी धाडकन आलं. मी दचकलो. टॅबलेट हौदात.
खांद्यापर्यंत हात घालून चाचपडत राहिलो. पाणी गार होतं. सापडला तेव्हा काच काळी. चारही भिंती गेल्या.
नळ चालू होता, म्हणून तिथेच थांबावं लागलं. हौद भरला.

संध्याकाळी
संस्कृतीचा फोन. पाणी भरलं, म्हणालो. तिने नकाशाचं विचारलं. निर्भयपूरला पाणी आलं, एवढंच सांगितलं.
टॅबलेट सुकायला तांदळाच्या डब्यात ठेवलाय.
घागर तशीच आहे. पुढच्या पाण्याला उचलेन.