कॉरिनची साक्ष

३ मार्च १९८४, शनिवार
आमच्या मुलींच्या होममध्ये नवी भर. कॉरिन स्टकी, वय सोळा. गुन्हा: जीन्स घालून सिनेमाला गेली. वडील गावच्या चर्चचे डीकन, म्हणजे मानाचे पदाधिकारी; स्वतःच आणून सोडलं. घरी कधी जाऊ, असं विचारत होती. म्हटलं, पश्चात्ताप झाला की. ईस्टरपर्यंत सरळ करतो. होम सुरू केल्यापासून अशा कितीतरी केल्या.

६ मार्च
कॉरिनला सकाळभर भिंतीकडे तोंड करून उभं केलं. आमची ओपल म्हणते, अहो, पोरीला खोकला आहे. म्हटलं, सैतान बाहेर पडताना खोकतोच. संकल्प: पोरीच्या आत्म्यासाठी उद्यापासून उपास.

७ मार्च
ओपलने पेकन पाय भाजला, माझा आवडता गोड पदार्थ. अन्न टाकणं हेही पापच. उपास सोमवारपासून.

१८ मार्च, रविवार
कॉरिनचा घरी महिन्याचा फोन. नियमाप्रमाणे दुसऱ्या रिसीव्हरवर मी. कॉरिन म्हणाली, आजी, मला इथून... आणि लाइन तुटली. मीच तोडली. आजीने परत फोन केला. सांगितलं, नात प्रार्थनेत दंग आहे. पत्रंही आधी मीच वाचतो. आतला शब्द बाहेर नाही, सरकारचा माणूस आत नाही. आमच्या मिसुरी राज्यात चर्चच्या होमला लायसन्स लागत नाही. देवाची कृपा.
(उपास राहिलाच.)

२ एप्रिल
चमत्कार! कॉरिन आपणहून म्हणाली, ब्रदर व्हर्लिन, देवाने मला कसं बदललं, याची चर्चमध्ये सगळ्यांपुढे साक्ष द्यायचीय. डोळ्यांत पाणी आलं. माझ्या.
ईस्टरला तिच्याच गावच्या चर्चमध्ये आमच्या मुलींचा कॉयर गायला नेतो. बघू दे गावाला. मग मोठ्या कॉन्फरन्सचं बोलावणं येणारच. माझं तिथलं भाषण लिहायला घेतलं.

१९ एप्रिल
साक्षीची रंगीत तालीम. जीन्सपाशी कॉरिनला हुंदका आला. हुंदका मीच बसवलाय. ओपल म्हणाली, मला काही ही पोरगी बदललेली दिसत नाही. बायकांना आत्म्यातलं काय कळतं?

२२ एप्रिल, ईस्टर, दुपार
व्हॅनमध्ये बसून लिहितोय.
माइकवर कॉरिन, पहिल्या बाकावर आजी. हुंदका आलाच नाही. म्हणाली, मला तासन्‌तास भिंतीकडे तोंड करून उभं करतात. मी जोरात आमेन म्हणालो. सवय. म्हणाली, फोनवर घरचं बोलू लागले की तोडतात. पुन्हा आमेन. आमच्यात साक्ष अर्ध्यावर अडवत नाहीत, करणार काय? मागच्या बाकांवरून मात्र एकही आमेन आला नाही.
मग म्हणाली, आजी, मला घरी यायचंय.
आजी उठली. डीकन म्हणाले, आई, खाली बस, लोक बघताहेत. म्हातारी म्हणाली, तू गप रे, तुझ्याकडे घरी बघते. नातीचा हात धरला आणि सगळ्यांदेखत बाहेर घेऊन गेली.
मी खचलो नाही. कॉयरला म्हटलं, समारोपाचं गीत घ्या. गायचं सोडून मुलींनी माइकसमोर रांग लावली. सगळ्यांनाच साक्ष द्यायचीय म्हणे.
मला इथे बसूनही ऐकू येतंय. संकल्प: पुढच्या वर्षी नुसतंच गाणं.
मुली संपल्या वाटतं. रांगेत शेवटी ओपल उभी होती. आता तिचा नंबर.