पुढचा चेंडू येईपर्यंत

रविवार, १८ फेब्रुवारी

ती. स्व. दादा,

धाकटीचा नमस्कार. वहिनी आणि ठकी मजेत आहेत. फोनच केला असता, पण फोनवर तू मधेच बोलतोस. पत्रात तुला ते जमणार नाही.

तुझी बदली झाली आणि ही बेसबॉलची पोरं माझ्या गळ्यात पडली. पहिला आठवडा मी तुझ्यासारखाच सराव घेतला. एकाने बॅट फिरवायची, बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं. रांगेत काय चालतं ठाऊक आहे? चिमटे काढणं, एकमेकांच्या टोप्या पळवणं. शेवटी मी रांगच मोडली. आता एका कोपऱ्यात फेकाफेक, दुसऱ्यात सरपटी चेंडू अडवणं, तिसऱ्यात बॅट. शिट्टी झाली की जागा बदलायची. सगळी इतकी दमतात की भांडायलाही त्राण उरत नाही.

आणि एक नियम केलाय. चेंडू सुटला तर कुणी ब्र काढायचा नाही. मी लगेच दुसरा टाकते. तो अडवला की मग काय चुकलं ते सांगायचं. तू म्हणशील, लाडावून ठेवलंस. अरे, ओरडा बसला की पोरं चेंडू सोडून आपल्याच तोंडाकडे बघत बसतात.

हे सगळं पाल्हाळ कशासाठी, ते तू ओळखलंच असशील. ठकी परत खेळायला लागलीय.

रागावू नकोस. बाबांना कळलं तर येणार नाही, अशी तिची अट होती, म्हणून वहिनी आणि मी तोंडाला कुलूप लावलं. गेल्या वर्षी तू तिला सगळ्यांदेखत ओरडलास आणि तिने हातमोजा माळ्यावर फेकला, त्या दिवशी तुलाही जेवण गेलं नव्हतं. वहिनीने सांगितलंय मला.

पुढच्या रविवारी सामना आहे. काल हातमोज्याला तेल चोळता चोळता ती आपणहून म्हणाली, "आत्या, बाबांना बोलाव. पण माझा चेंडू सुटला तर पुढचा येईपर्यंत गप्प बसायचं म्हणावं."

पुढचा अडवलास तर, असं मी विचारलं.

"मग ओरडू दे की. त्यांच्याइतकं मोठ्याने दुसऱ्या कुणाला येतंय?"

तेव्हा ये, दादा. मिठाच्या गुळण्या करून घसा मोकळा ठेव. पुढचा चेंडू ती सोडत नाही.

तुझ्या ओरडण्याची वाट बघणारी,
धाकटी